जाऊबाईची विहीरपूजा

देवळाखालची ती दगडी विहीर पांडवांनी बांधली की घाटावर मीठ नेणाऱ्या बैलवाल्यांनी, यावर आमच्या गावात दोन तट होते. पाणी मात्र दोन्ही तट तिथलंच प्यायचे. नवी बाळंतीण बाराव्या दिवशी विहिरीला हळदकुंकू वाहायची, काठावर पाच खडे मांडून पुजायची, पोरांना घुगऱ्या वाटायची आणि मगच तिची घागर पाण्यात जायची. तोवर तिनं त्या पाण्याला हात लावायचा नाही.

लढाईच्या वर्षांत माझ्या थोरल्या जावेचं बाळ चौथ्या दिवशी गेलं. बाळच नाही तर विहीर कसली पुजायची? तिला कुणी बोलावलंच नाही. बारावा दिवस गेला, शिमगाही गेला. पाण्याला निघालेल्या आम्हा बायकांकडे ती दारात बसून बघत राहायची. घरचं सगळं पाणी माझ्या डोक्यावर आलं होतं आणि माझी जीभ मुळातच तिखट. एका सकाळी मी सासूबाईंपुढे घागर आदळली.

"दुसरं पोर होईस्तवर तिनं असंच बसायचं काय? बाळ गेलं, ती तर जिती हाय ना?"

आता माझी धडगत नाही, असं मला वाटलं. पण सासूबाईंनी वाल भिजत घातले. दुसऱ्या दिवशी ते उकडून टोपलीत भरले आणि जावेला म्हणाल्या, "चल गो, इहिरीवर."

आम्हाला बघून विहिरीवरच्या एकदोघींनी आपापल्या घागरी बाजूला ओढल्या. त्याचा राग मला अजून येतो. जावेचं निम्मं कुंकू लुगड्यावरच सांडलं. तरी तिनं पाच खडे मांडले. मी पोरांना हाका मारल्या. आयांनी डोळे वटारले, पण घुगऱ्या म्हटल्यावर पोरं थांबतात थोडीच!

मग सासूबाई खाली बसल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी आणखी पाच खडे काढले आणि शेजारी मांडले.

"हे कुणाचे?" मी विचारलं.

"माझ्या पयल्या लेकीचे. मला कुणी आणली नवती गो."

माझ्या थोरल्या दिरांच्या आधी घरात एक मुलगी जन्मली होती, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. जावेनं कुंकवाचा करंडा त्यांच्यापुढे सरकवला. रडण्यानं त्यांना तो धरवेना. तेव्हा जावेनंच त्या पाच खड्यांना एकेक करून कुंकू लावलं आणि उरलेल्या घुगऱ्या सासूबाईंच्या ओंजळीत घातल्या.