दुसऱ्या दुकानात विचारून

आप्पांना कुणीतरी सांगितलं होतं. आप्पा जाऊन सव्वा महिना झाला, दिवसकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी परतले, तरी माझ्या डोक्यात हे एकच वाक्य हातमागासारखं खटखटत राहिलं... कुणी सांगितलं? समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी बघत होते. माणसं माझ्या बापासाठी रडत होती आणि मी त्यांच्यावर पाळत ठेवून बसले होते. अशा वेळी गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे, तेही लिहीन. पण आधी हे.

वैशाखात आप्पांचं पोटातलं दुखणं वाढलं. मी निपाणीला मुलींच्या शाळेत शिकवते. रजा काढून शहापूरला घरी आले आणि आप्पांना बेळगावात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर त्यांच्या देखत माझ्याशी इंग्रजीत बोलले. पोटात गाठ आहे, मिरजेला नेऊन ऑपरेशन करता येईल, खर्च मोठा आहे आणि एवढं करूनही माणूस उठेल अशी आशा फार थोडी. आप्पांनी विचारलं, "काय म्हणत्यात?" मी म्हटलं, "मिरजेला ऑपरेशन केलं की बरं होईल म्हणतात." तोंडावरची रेघ हलू दिली नाही. शाळेत तपासणीला साहेब आले की मास्तरणीला हे जमावंच लागतं. खरं काय ते मी फक्त धाकट्या बहिणीला, शांताला, सांगितलं. आईला नाही, काकांनाही नाही. गाडीचा दिवस ठरला, वळकटी बांधून झाली आणि त्या सकाळी आप्पा मागावर जाऊन बसले. "मी न्हाय येत. मला म्हाईत हाय सगळं." कुणी सांगितलं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. भाद्रपदात गेले.

म्हणजे घरात खरं ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच. आणि ऑपरेशनला लागणारे पैसे होते शांताच्या कॉलेजसाठी बाजूला काढलेले. आप्पा मिरजेला गेले असते तर कॉलेज संपलंच होतं. आता तुम्हीच सांगा, माझा संशय कुणावर जाईल?

तसा संशय आमच्या घरात मीठमिरचीसारखा. आप्पांना अक्षर येत नव्हतं, आणि जगातला कुठलाही माणूस एका बैठकीत त्यांना खरा वाटत नव्हता. लुगडं विणून झालं की ते एका सावकाराच्या दुकानी न्यायचं, भाव ऐकायचा, तोंडातून हूं की चूं न काढता घडी घालायची आणि दुसऱ्या दुकानात जाऊन विचारायचं. पेठेतले सावकार हसायचे, "आलास का रं पंचनामा करून?" वैद्याने चूर्ण दिलं तर ते दुसऱ्या वैद्याला हुंगायला द्यायचे. माझ्यासाठी स्थळ आलं तेव्हा त्यांनी चौकशी आधी मुलाकडच्यांच्या पाहुण्यांकडे केली आणि मग त्यांच्या दुष्मनांकडे. स्थळ अर्थातच मोडलं. आई म्हणायची, "माझ्या भाकरीचीबी दुसऱ्या चुलीवर चौकशी करून येशीला." त्यावर आप्पा नाही असं म्हणायचे नाहीत.

मला शाळेत घातलं तेव्हा त्यांना खरी काळजी लागली. फी तर भरली, पण माल बरोबर मिळतोय की नाही, हे कसं कळणार? मास्तर म्हणतात पोरगी हुशार आहे. मास्तर म्हणणारच, दुकान त्यांचं आहे. मग दर शनिवारच्या बाजाराला आप्पा मला बेळगावला घेऊन जायचे. आमचं शहापूर संस्थानी, बेळगाव इंग्रजांचं. एक हद्द ओलांडली की तिकडच्या माणसाचं इकडच्या मास्तरांशी साटंलोटं नसणार, असा त्यांचा हिशेब. एका हॉटेलच्या दारात ते उभे राहायचे. कोट-टोपीवाला माणूस दिसला की मला रस्त्यापलीकडे पाठवून त्याच्याकडून वर्तमानपत्रातला एक तुकडा वाचून घ्यायचे. मग मला हाक मारून तोच तुकडा मला वाचायला लावायचे. जुळलं तर मुकाट्याने भजी मिळायची. एकदा त्या गृहस्थाने एक शब्द चुकीचा वाचला, मी बरोबर वाचला. आप्पांनी तिसरा माणूस गाठला. तो म्हणाला, पोरीचं खरं आहे. भजी देताना आप्पा म्हणाले, "वाचाय येतंय त्येबी फसवत्यात, ध्यानात ठेव."

इंग्रजी सुरू झालं तेव्हा मात्र दुसरं दुकान सापडेना. शेवटी त्यांनी कॅम्पातल्या एका साहेबाचा खानसामा पकडला. त्याने मला पाच-सहा विलायती पदार्थांची नावं विचारली. मी ती जन्मात ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेत मास्तरांशी भांडायला हजर. मास्तरांनी त्यांना समजावताना घाम गाळला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो राग माझ्या मनात बरीच वर्षं होता. माझ्यावरसुद्धा या माणसाचा विश्वास नाही, असं वाटायचं.

काका आप्पांच्या मागे लागलेले असायचे, "अण्णा, पोरींच्या फीत पैसं घालवतोस त्यात आणखी दोन माग बसतील. घर वर येईल." आप्पांचं उत्तर ठरलेलं. "लई झालं की भाऊबंद मोजाय येत्यात, कायच नसलं की सावकार येतोय. ह्या दोघांच्या मधी जेवढं ऱ्हातंय तेवढं आपलं." हे काकांच्याच तोंडावर म्हणायचे, त्यामुळे काका उठून जायचे. ते मधलं आप्पांनी कुठल्याही पेढीत ठेवलं नाही. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून विणायचा आमचा माग. त्या खड्ड्याच्या तळाशी, फरशीखाली त्यांनी ते पुरलं होतं, आणि दिवसभर वर पाय ठेवून बसायचे. मी मॅट्रिक झाले ती त्यातूनच. लढाईत सुताचं कंट्रोल आलं, ज्यांनी जास्त माग टाकले होते ती घरं बसली, आमचेही दोन्ही माग महिनोन्‌महिने बंद होते, पण त्या फरशीला आप्पांनी हात लावला नाही. माझ्या पगारात घर भागत होतं. एकदा मी विचारलं, "आप्पा, आणि तुमच्या म्हातारपणाला?" म्हणाले, "मला काय लागतंय?" मला ते बोलणं आवडलं नाही. आजही आवडत नाही.

जूनमध्ये त्यांनी दुखत्या पोटाने खड्ड्यात उतरून स्वतः पैसे काढले आणि शांताचं नाव कॉलेजात घातलं. पावती मी वाचून दाखवली, मग आप्पांनी ती शेजारच्या तलाठ्यालाही दाखवून आणली. मी शांताकडे बघत होते. ती रडली तरी मला संशय, रडायची थांबली तरी संशय. पुस्तकं आणली तर वाटायचं, हिला हेच हवं होतं. आप्पांचे पाय चेपत बसली की वाटायचं, मनाला टोचतंय म्हणून चेपते. एकाच ताटात जेवलेल्या आम्ही, आणि मी तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. सरळ विचारून का टाकलं नाही? विचारलं की खरं कळतं, असं आमच्या घरात कुणालाच वाटत नाही.

गेल्या आठवड्यात औषधाच्या रिकाम्या बाटल्या परत द्यायला दवाखान्यात गेले. निमित्त बाटल्यांचं. मला डॉक्टरांना खोदून विचारायचं होतं. डॉक्टर नव्हते. जुने कंपाउंडर होते. ते आपणहूनच आप्पांचं बोलू लागले. "तुमचे वडील भारी माणूस हो. तुम्ही टांगा बघायला खाली गेलात ना, तेव्हा आत येऊन मला म्हणतात, माझी पोर सायबाशी विंग्रजी बोलली ती बराबर बोलली का वो?"

मी बाटल्या तशाच हातात धरून उभी राहिले. "मग?"

"मी म्हटलं, साहेबासारखं बोलल्या, एकदा तर आमच्या डॉक्टरांनाच थांबून विचार करावा लागला. लई खूश झाले. मग म्हणाले, आता डाक्टर काय बोललं ते तुमी सांगा, पोरगी सांगती त्याला जुळतंय का बघतो. पडद्याआडून मी सगळं ऐकलं होतं. वाटलं, तुम्ही सांगितलंच असणार... मी सांगून टाकलं."

"काय म्हणाले ते?"

"बाकावर बसून राहिले थोडा वेळ. मग उठले आणि म्हणाले, जुळतंय."

बाटल्या त्या माणसाच्या टेबलावर ठेवल्या. त्याला काय सांगणार... घरी आले. शांता मागच्या दारी धुणं वाळत घालत होती. तिला सगळं सांगितलं, तिच्यावर संशय होता तोसुद्धा. ती हातातलं पातळ पिळत राहिली. मग म्हणाली, "मला इचारायचंस की गं आक्का." मी म्हटलं, "तू नाही म्हणाली असतीस तर मला खरं वाटलं असतं का?" तिने विचार केला. "न्हाई," म्हणाली, आणि पातळाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. त्या दिवशी दवाखान्यातून टांग्याने येताना आप्पा माझ्या शेजारी बसले होते. म्हणजे तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. पूल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "ऑपरेशन केलं की बरं हुईल म्हणाले न्हवं?" मी म्हटलं, "व्हय आप्पा." मला वाटलं, झालं, यांचा नेहमीचा संशय सुरू झाला. जरा चिडलेच. थोडं पुढे गेल्यावर परत म्हणाले, "डाक्टर काय म्हणाले, सांग बघू." मी परत सांगितलं. बरं होईल, हिंडाफिराल, दिवाळीला मागावर बसाल. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत होते. "अजून एकदा सांग," म्हणाले. शहापूर येईपर्यंत मी तेच सांगत होते आणि आप्पा मान हलवत होते.