जोडीने यावे

वसुमतीअक्कांची फजिती अख्ख्या राजाजीनगराला ठाऊक होती, कारण ती सांगत हिंडणाऱ्या त्या स्वतःच. दुसरं कुणी सांगायला लागलं की त्यात तिखटमीठ कमी पडतं म्हणून त्या मधेच ताबा घेत.

त्यांचं घराणं बंगळूरचंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. माहेरी चामराजपेटेत भावांच्या बरोबरीने कॅरम खेळून त्या वाढल्या. हरला की थोरला भाऊ अण्णा बोर्ड उचलून कपाटावर ठेवी, आणि अण्णा बरेचदा हरे. मग लग्न झालं, हयवदनरावांच्या घरी आल्या आणि खेळ सुटला. सासरी कुणी मनाई केली नव्हती हो, पण घरात बोर्डच नव्हता, आणि नव्या सुनेने तो मागायचा कुठल्या तोंडाने? पोळपाटावर शेंगदाणा ठेवून टिचकीने कडेला धाडायचा, एवढंच हातात उरलं. मुलं शाळेत जायला लागली तरी खऱ्या बोर्डावर एकदा बसायची हौस काही जाईना.

बासष्ट सालच्या सुमाराला पुण्यामुंबईकडचे इंजिनियर इथल्या कारखान्यांत नोकरीला आले आणि त्यांनी राजाजीनगरात एक खोली घेऊन मंडळ काढलं. सेक्रेटरी विद्याधर पुण्याचे. त्यांनी दारावरच्या फळ्यावर झोकात लिहिलं, 'नव्या कॅरमबोर्डाचे उद्‌घाटन रविवारी सकाळी. जोडीने यावे.'

आता जोडीने म्हणजे काय? विद्याधरांच्या डोक्यात सामने होते. खेळायला येताना आपला भिडू आणावा, इतकंच. अक्कांच्या लेखी जोडीने म्हणजे नवराबायकोने, सत्यनारायणाला बसतात तसं. तिथे सगळी पूजा हयवदनराव करत. भटजी 'हाताला हात लावा' म्हणाले की अक्का त्यांच्या हाताला बोटं टेकवत आणि अर्धं पुण्य पदरात पाडून घेत. तेव्हा उद्‌घाटन म्हणजे बोर्डाची पूजा, आणि पूजा झाल्यावर एखादा डाव आपल्यालाही मिळेल, असा त्यांनी बेत बांधला. कुणाला विचारायचं सुचलं नाही. शहाण्या ना त्या!

रविवारी अक्का लग्नातलं नऊवारी नेसून, नथ घालून, ताटात हळदकुंकू आणि नारळ घेऊन निघाल्या. मागून हयवदनराव, धोतर आणि जरीचा शेला, शेल्याचं टोक सावरत. मंडळाच्या खोलीत शर्ट-पँटवाले आठदहा पुरुष बोर्डावर बोरिक पावडर शिंपडत होते. ते बघतच राहिले. अक्कांना वाटलं, पूजेची वाट बघतायत. त्या सरळ पुढे झाल्या, बोर्डाच्या मधोमध हळद वाहिली, वर चिमूटभर कुंकू वाहिलं आणि हात जोडले.

विद्याधरांच्या तोंडचं पाणी पळालं. कोऱ्या बोर्डावर, नेमका राणीच्या जागी, लालभडक डाग! फडक्याने पुसायला गेले तर तो जास्तच पसरला. मग त्यांनी जोडीचा अर्थ सांगितला, आणि खोलीत जे हसू फुटलं ते आवरेना. विद्याधरांनी अगदी सभ्यपणे सुचवलं की अक्कांनी आता घरी जावं, हयवदनरावांना वाटल्यास खेळायला घेऊ.

अक्कांचे कान तापले. ताट उचलून निघावं असं एकदा वाटलंही. पण बोर्ड समोर होता, सोंगट्या मांडलेल्या होत्या. आज बाहेर पडलो तर पुन्हा या दारात पाय ठेवायची आपली छाती नाही, हे त्यांना पुरतं कळत होतं.

"जोडीने यावे असं तुम्हीच लिहिलंत," त्या म्हणाल्या. "आम्ही जोडीनंच आलोय. बसा."

विद्याधर आणि त्यांचे मित्र दामोदर समोरासमोर बसले, अक्का आणि हयवदनराव समोरासमोर. अक्कांनी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या, नेम धरला आणि असा दणका दिला की स्ट्रायकर बोर्ड ओलांडून थेट नारळावर आपटला. पुन्हा हसू. यावेळी अक्काही हसल्या, आणि हसल्यावर हात सैल झाला. हळूहळू सोंगट्या पडायला लागल्या. हयवदनरावांनी मात्र जन्मात स्ट्रायकर धरला नव्हता. "मला स्वल्प दाखव की," असं कुजबुजत त्यांनी प्रत्येक पाळीला प्रतिपक्षाचीच सोंगटी पाडली.

तरी अक्कांनी राणी घेतली. आता तिला कव्हर द्यायला एक पांढरी सोंगटी पाडायची, आणि ती तर भोकाच्या तोंडाशीच. अक्कांनी स्ट्रायकर दोनदा लावला, दोनदा उचलला. ते हयवदनरावांनी पाहिलं मात्र, शेला सावरत ते उठले, वळसा घालून बायकोशेजारी येऊन बसले आणि सवयीने तिच्या हाताला हात लावला. नेमका त्याच क्षणी स्ट्रायकर सुटला. तो तिरका गेला, सोंगटी जागची हलली नाही आणि राणी परत कुंकवावर जाऊन बसली. पुढे डावही गेला.

घरी जाताना अक्का त्यांना वाटभर दोन्ही भाषांत बोलल्या. ते बिचारे 'सरी, सरी' म्हणत मान डोलवत राहिले. रात्री भांडी आवरताना मात्र अक्कांना एकदम रडू आलं. इतकी वर्षं पूजा त्यांची आणि हात लावायचा आपण. आज ते उठून आपल्याशेजारी येऊन बसले होते.

पुढच्या रविवारी फळ्यावर विद्याधरांनी सावधपणे लिहिलं, 'जोडी म्हणजे कोणतेही दोघे.' त्यांच्याच बायकोने, हेमलताने, खडू घेऊन पुढे 'किंवा दोघी' जोडलं आणि अक्कांच्या समोर भिडू म्हणून बसली. दारात आणखी चारपाच बायका उभ्या होत्या, आपण सहज आलो असं दाखवत.

हयवदनराव भिंतीला टेकून, दोन्ही हात मागे बांधून उभे होते. मागच्या खेपेची धास्ती होती ना! अक्कांनी बांगड्या वर सारल्या, नेम धरला आणि तशाच थांबल्या.

"अहो," मान न वळवता त्या म्हणाल्या, "हाताला हात लावा."