नारळ त्यांनी फेकला नव्हता

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत असे छापून आले आहे की, पूर्वी इथल्या स्थानिक टीव्हीवर जुने चित्रपट दाखवणारे एक गोरे गृहस्थ आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आले होते. त्यांना शाल आणि श्रीफळ देण्यात आले. त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला, ‘यातून काय बाहेर येते?’ असे विचारले, आणि जाताना पार्किंगमधल्या कचऱ्याच्या पिंपात तो टाकून दिला. चौकटीतल्या या मजकुराखाली लेखकाचे नाव नाही, ‘संकलित’ एवढेच आहे. दुसऱ्या एका पानावर आणखी एक वाक्य असे की, त्यांना निमंत्रण तेव्हाच्या अध्यक्षांनी दिले होते.

मी त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभा होतो. निमंत्रण मी दिले होते. त्यांना घरून गाडीत घालून आणले मी आणि परत नेऊन सोडलेही मीच. कार्यक्रम ज्या शाळेत झाला, तिच्या पार्किंगमध्ये कचऱ्याचे पिंपच नव्हते. आमच्या लोकांनी तिथे टाकलेले कागदी कप मी स्वतः गोळा केले होते, म्हणून मला नक्की आठवते.

हा वाद मी हौसेने उकरलेला नाही. ते गृहस्थ गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांची कन्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला असते, आणि वडिलांच्या वतीने सन्मान स्वीकारायला मंडळाने तिला महोत्सवासाठी बोलावले आहे. तिने येण्याचे कबूल केले आहे. स्मरणिकेत इंग्रजी भाषांतरही आहे. म्हणजे व्यासपीठावर शाल घ्यायची आणि खुर्चीवर येऊन बसल्यावर वाचायचे की, या लोकांनी दिलेला नारळ आपल्या वडिलांनी कचऱ्यात टाकला. हे मी होऊ देणार नव्हतो.

ते गृहस्थ कोण होते, हे आता सांगणारे फारसे उरलेले नाहीत, आणि जे उरले आहेत ते चुकीचे सांगतात. एक जण सांगतो, कार्यक्रम रविवारी सकाळी असे. साफ चूक. रविवारी सकाळी त्या वाहिनीवर चर्चची प्रार्थना असे. चित्रपट शनिवारी दुपारी दीड वाजता लागे. दुसरे एक निवृत्त डॉक्टर छातीठोकपणे सांगतात की, ते काळा झगा घालून भीतीदायक हसत. तो माणूस वेगळा, वाहिनी वेगळी आणि चित्रपटही भुतांचे. आमचे गृहस्थ तपकिरी स्वेटर घालून एका साध्या खुर्चीवर बसत. मागे पुस्तकांचे एक लाकडी कपाट असे. त्यांना मी कधी मोठ्याने हसताना पाहिले नाही.

त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. चित्रपटाची कथा ते सांगत नसत, नटनट्यांच्या भानगडी तर नाहीच नाही. सुरुवातीला ते एकच गोष्ट सांगत. ‘आज जिन्याकडे लक्ष ठेवा.’ किंवा, ‘आज त्या म्हाताऱ्याच्या हातमोज्यांकडे बघा.’ मग जाहिरातींच्या वेळी मध्येच येऊन विचारत, ‘पाहिलात जिना?’ आमच्या एटोबिको उपनगरातल्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये पत्नी शनिवारी एकच्या आत पोळ्या उरकून घेई, आणि मी शेजाऱ्याशी फोनवर बोलत असलो तर मला खुणेने सांगे, ‘ठेवा आता. जिना येईल.’ कृष्णधवल चित्रपटातला प्रकाश कुठून येतो, माणूस दार न लावता निघून गेला तर त्याचा अर्थ काय, हे मी अभियांत्रिकीची पदवी घेऊनही शिकलो नव्हतो. ते त्या खुर्चीने मला शिकवले.

मी पुलांची गणिते करणाऱ्या एका फर्ममध्ये होतो. तिथे मी वाक्य बोललो की समोरचा कान पुढे करून ‘पार्डन?’ म्हणे. दुसऱ्यांदा बोललो की हसे. माझे नाव तर त्यांनी पहिल्या आठवड्यातच दोन अक्षरांवर आणले. अशा काळात एका शनिवारी रेल्वेच्या पुलाचा एक चित्रपट लागला आणि ते गृहस्थ म्हणाले, ‘आज पुलाकडे लक्ष ठेवा.’ मी ठेवले, आणि सोमवारी त्यांना पत्र लिहिले की, शेवटच्या प्रसंगातला पूल खरा नसून खेळण्यातला आहे, कारण त्याच्या तिरप्या पट्ट्या उलट दिशेने बसवल्या आहेत. अशा पुलावरून गाडी जाण्याआधीच तो खाली येईल.

पुढच्या शनिवारी त्यांनी ते पत्र कॅमेऱ्यासमोर वाचले. नाव वाचताना दोनदा अडखळले. मग कागद खाली ठेवून म्हणाले, ‘हे मला नीट जमलेले नाही. पुढच्या शनिवारी जमवीन.’ बुधवारी घरी फोन आला. त्यांनी टेलिफोनच्या पुस्तकातून नंबर शोधला होता. माझे नाव त्यांनी माझ्याकडून सात-आठ वेळा म्हणवून घेतले, स्वतः म्हणून दाखवले, आणि शनिवारी ते इतके स्वच्छ उच्चारले की पत्नी म्हणाली, ‘सासूबाईंनी हाक मारल्यासारखं वाटलं.’

त्यानंतर त्यांना दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलवायचे, हे माझ्याच मनात आले. अध्यक्षांचा विरोध होता. ‘टीव्हीवाल्याला काय बोलवायचं? एखादा खासदार आणा,’ हे त्यांचे शब्द होते, ते मी इथे नमूद करून ठेवतो. नारळ पत्नीने आणला. तेव्हा इथे भारतीय दुकाने मोजकीच होती. एका वेस्ट इंडियन दुकानात ढीग उपसून तिने शेंडी शाबूत असलेला एक नारळ शोधला. दुकानदार म्हणाला की सगळे आतून सारखेच असतात. ती म्हणाली, ‘मला आतून नको आहे.’

कार्यक्रमात अध्यक्षांचे भाषण झाले, मराठीतून, अर्ध्या तासाहून अधिक. पाहुण्यांच्या वाट्याला चार मिनिटे आली. ते त्याआधी झालेल्या आमच्या नाटकाविषयी बोलले. एक शब्द कळत नसताना त्यांनी पाहिले होते की, पडद्याखालून प्रॉम्प्टरचे पाय दिसत होते, आणि गाण्याच्या प्रवेशात त्या पायांनी ताल धरला होता. ‘मी संध्याकाळभर त्या पायांकडे लक्ष ठेवले,’ असे ते म्हणाले. सभागृह हसले, पण प्रेमाने हसले. तिकडून पडद्याखालचे पाय लाजून मागे सरकले. स्मरणिकेत या चार मिनिटांविषयी एक ओळ नाही.

आणि नारळ. तो त्यांनी कानाशी धरला नाही. दोन्ही हातांत घेतला, आणि मी गाडी चालवत असताना घरापर्यंत मांडीवर धरून बसले. दारापाशी उतरताना त्यांनी विचारले, ‘याचे मी काय करायचे असते?’ खरे उत्तर असे होते की, घरी जाऊन फोडा, पाणी घरातल्यांना द्या, खोबऱ्याच्या वड्या करा. पण इतक्या सन्मानाने दिलेली वस्तू फोडून खायची, हे इंग्रजीतून कसे सांगावे ते मला सुचेना. काहीतरी रानटी वाटेल, अशी भीतीही वाटली. मी म्हणालो, ‘ठेवा. हा मान आहे.’

त्यांनी ठेवला. पुढच्या शनिवारी त्यांच्या मागच्या कपाटावर, पुस्तकांच्या वर, शेंडी कॅमेऱ्याकडे करून आमचा नारळ होता. दीड वाजून पाच मिनिटांनी आमचा फोन वाजायला लागला. सगळे मंडळ हसत होते. ‘अहो, त्यांना सांगा, खवणी पाठवू का?’ नारळ तिथेच राहिला. दुसऱ्या वर्षी एका शनिवारी त्यांनी सांगितले की, दिव्यांच्या उष्णतेने तो आपोआप तडकला. ‘माझ्या मित्रांच्या रिवाजात हे अशुभ तर नसेल ना? कुणी कळवाल का?’ ते कुणी म्हणजे मी होतो. मी कळवले नाही. पुढच्या आठवड्यात नारळ सुतळीने बांधून पुन्हा कपाटावर ठेवलेला दिसला. कार्यक्रम बंद होईपर्यंत तो तसाच होता.

एवढे सगळे डोळ्यांसमोर असताना ‘कचऱ्याचे पिंप’ वाचून माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. मी संपादकाला फोन केला. हा पुण्याचा तरुण, सॉफ्टवेअरमधला, चांगला मुलगा आहे.

‘हे कुणी लिहिलं, त्याचं नाव सांग.’

‘काका, सोर्सशिवाय मी काहीच टाकलेलं नाही.’

‘तोच सोर्स विचारतो आहे. मी त्याच्या घरी जाईन.’

‘काका, मीच तुमच्याकडे येतो. फोनवर नको.’

तो संध्याकाळी आला. चहा घेतला. मग त्याने पिशवीतून मंडळाचे एक जुने सायक्लोस्टाइल केलेले वार्तापत्र काढले. जुन्या चिटणीसांच्या बेसमेंटमध्ये सापडले, म्हणाला. दिवाळीनंतरचा अंक होता. ‘गोरा पाहुणा आणि श्रीफळ’. कानाशी धरलेला नारळ, ‘यातून काय बाहेर येते?’, कचऱ्याचे पिंप, सगळे होते. खाली माझे नाव होते.

‘मला फार ऑकवर्ड झालं,’ तो म्हणाला. ‘म्हणून तुमचं नाव काढून संकलित टाकलं.’

‘हे विनोदी लेखन आहे. एवढंही कळलं नाही तुला?’

‘नाही ना कळलं, काका. प्रत्येक मीटिंगमध्ये तुम्हीच सांगता, मी न पाहिलेलं कधी लिहीत नाही म्हणून.’

पत्नी कप उचलत होती. म्हणाली, ‘अहो, मोठ्याने वाचा ना. शैली छान आहे तुमची.’

मी ते विसरलो होतो. हे कुणाला पटो न पटो, मी पूर्ण विसरलो होतो. पण वाचता वाचता तो काळ परत आला, आणि मी तसे का लिहिले, तेही आठवले. आठवडाभर फर्ममध्ये माझ्या बोलण्यावर लोक हसत. मंडळात आम्ही सगळे तसेच होतो. सोमवार ते शुक्रवार कुठे ना कुठे अडाणी ठरत होतो. एकदा तरी एखाद्या गोऱ्या माणसाला आपल्या वस्तूपुढे अडाणी झालेला पाहावे, ही सगळ्यांची भूक होती. ती मी भागवली, आणि वाहवा मिळवली. त्यासाठी मी निवडला तो नेमका असा माणूस, ज्याने या शहरात माझे नाव नीट उच्चारण्याचे कष्ट घेतले होते. तडकलेल्या नारळाविषयी मी त्यांना का कळवले नाही, हेही आता मला समजते. ज्याची आपण चेष्टा छापली, त्याला पत्र लिहायला हात उचलत नाही.

संपादक म्हणाला, ‘काका, शुद्धिपत्रक टाकू. फोर लाइन्स. अनवधानाने काही मजकूर वगैरे.’

मी त्याला सांगितले की, अनवधानाने काहीही झालेले नाही. ज्याने खोटे लिहिले त्याचे नाव त्यात येईल आणि तेच माझे नाव असेल. इंग्रजीतही मीच लिहीन. त्याने मला अर्धे पान देऊ केले. तेवढ्या जागेत चूक कबूल करता येते, पण ते गृहस्थ कसे होते ते सांगता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे. शुद्धिपत्रक छापून आले. स्मरणिकेचे गठ्ठे मी बेसमेंटमध्ये आणवले आणि प्रत्येक प्रतीत ते नारळाच्या त्याच चौकटीवर चिकटवले, वर नाही, खाली नाही. संपादक म्हणत होता की पोरं करतील. मी पोरांवर सोपवले नाही.

परवा पत्नीने नारळ आणला. आता तो कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत मिळतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तिने प्लास्टिक फाडले, शेंडी बोटांनी नीट केली आणि म्हणाली, ‘या वेळी नीट सांगा तिला.’

सांगणार आहे. हा ठेवायचा नसतो, फोडायचा असतो, आणि तो तडकणे हे अशुभ नाही, हे तिला सांगेन. तुझ्या वडिलांनी हे विचारले होते आणि मी उत्तर दिले नाही, हेही सांगेन. ती बर्नाबीला विमानाने जाणार. वाटेत तडकला तर पाणी सांडेल, म्हणून कार्यक्रमानंतर तिला इथेच, आमच्या स्वयंपाकघरात, फोडून देईन.

निमंत्रण अध्यक्षांनी दिले होते, ही चूक मात्र माझी नाही. त्या ओळीवर शुद्धिपत्रक लावायला समितीने नकार दिला आहे. जुने अध्यक्ष महोत्सवाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसतील. मी नारळ देताना माइक माझ्या हातात असेल.