सेल्विनची मेबल

आमच्या खाणवस्तीत सोमवारी सगळ्यांचं धुणं निघायचं, हिल्डा क्लेगचं रोज. खाणीच्या कॅन्टीनमध्ये सत्तावीस वर्षं तिनं बशा घासल्या आणि घरी नवऱ्याचे कोळशानं माखलेले कपडे. खाण बंद पडली, तरी बाईचे हात काही थांबले नाहीत.

नवरा सेल्विन माझा जोडीदार. ससे धरायला आम्ही बरोबर जायचो आणि त्याची फेरेट पुढे असायची, मेबल. पांढरीशुभ्र, मुंगसाच्या अंगलटीची. बिळात सोडली की ससा पलीकडच्या तोंडानं थेट जाळीत! खोटं कशाला बोलू, तीन वर्षं माझा डोळा होता तिच्यावर.

हिल्डाचं मात्र तिच्याशी हाडवैर. "लोक उंदीर नको म्हणून मांजर पाळतात," ती म्हणायची, "आमच्या ह्यानं उंदराचा थोरला भाऊ आणलाय."

ऑक्टोबरात सेल्विन गेला. हिल्डानं पडदे, चादरी, त्याचे कपडे, सगळं धुऊन काढलं. हिवाळाभर मेबलला कलेजी घातली, तिचा खुराडा साफ केला, दोनदा चावून घेतलं. फेब्रुवारीत मला म्हणाली, "घेऊन जा बाबा तुझी लाडकी. मला नाही झेपत."

माझ्या तर मनात मांडे. म्हटलं, आधी एकदा चालवून बघू. हिल्डाही आली, निरोप द्यायला म्हणून. रेल्वेच्या बांधावर जाळ्या लावल्या, मेबलला आत सोडलं.

ती बाहेर आलीच नाही. आत ससा मारला असणार, खाऊन तिथंच झोपली असणार. खणायला गेलो तर खाली नुसते दगड. तास गेला, दोन गेले. आणि जिला 'घेऊन जा' म्हणाली होती, तिच्यासाठी हिल्डाचा जीव खालीवर व्हायला लागला. "थंडीनं मरेल रे ती! त्याला मी काय तोंड दाखवू?" मेलेल्या माणसाला तोंड दाखवायची भाषा. पण मी हसलो नाही.

अशा वेळी आमच्याकडे एकच उपाय. मालकाचा कोट बिळाच्या तोंडाशी टाकून घरी जायचं. वासावर जनावर बाहेर येतं आणि सकाळी कोटावर झोपलेलं सापडतं. हिल्डानं धावत जाऊन सेल्विनचा तपकिरी कोट आणला.

सकाळी गेलो. कोटावर दव गोठलेलं, मेबल नाही. दुपार झाली, तरी नाही.

"असं कधी झालं नाही," मी म्हटलं. "वीस वर्षं त्याच्या अंगावर होता हा कोट."

हिल्डा खाली बघत म्हणाली, "धुतलाय मी तो. दोनदा."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अगं बये! मग काल का नाही बोललीस? साबणाच्या वासाला येणारे का ती?"

ती मटकन ओल्या गवतात बसली. "मीपण कपाटात तोंड घालून बघते रे रोज," म्हणाली. "नुसता साबण. मला वाटलं, सर्दीनं माझंच नाक बंद झालंय."

माझीच जीभ मला नकोशी झाली. "चल, हिल्डा, गारठशील," एवढं कसंबसं म्हणालो. ती हलली नाही. खुराडा साफ करायचा तो मळका झगा तिच्या अंगावर तसाच होता. रात्रीपासून तिनं कपडेसुद्धा बदलले नव्हते.

चार वाजायच्या सुमारास बिळातून एक गुलाबी नाक बाहेर आलं. मेबल मातीनं बरबटलेली. कोटावर चढली, हुंगलं, उतरली. माझ्याकडे ढुंकूनही न बघता हिल्डाच्या मांडीवर गेली आणि झग्यात शिरली. मी घाईनं हात घातला तर कडकडून चावली.

"चाव त्याला!" हिल्डा रडता रडता म्हणाली. "न्यायला आलाय मेला तुला."

फेरेटला वास असतो, उग्र, घरभर राहणारा. मेबलच्या आधीच्या फेरेटांपासून, त्या वासापायी चाळीस वर्षं तिनं सेल्विनला मागच्या दाराशी कपडे काढायला लावले होते. आता तिनं मेबलला दोन्ही हातांनी उचललं, तिच्या मानेत नाक खुपसलं आणि एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

"हाच," ती म्हणाली. "अगदी हाच होता त्याचा."