तीन नंबरची ओलेना

मासा जंगली की पाळलेला हे आनफिनला नुसतं बघून कळतं, असं स्कार नदीच्या दोन्ही काठांवर मानलं जाई. खरं सांगायचं तर डाव्या काठावरच. उजव्या काठावर त्याचा मेहुणा ईदार राहायचा, आणि तो खाडीत सॅमन मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर नोकरीला होता.

बर्चची पानं झडली की आनफिन जाळं टाकून नदीतले सॅमन धरी आणि जुन्या गिरणीमागच्या शेडमध्ये टाक्यांत ठेवी. माद्या पिकल्या की हलक्या हातानं पोट दाबून अंडी काढी, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं नदीत सोडी. नदी रिकामी होत चालली होती, ती पुन्हा भरावी एवढीच त्याची आस. एकोणतीस वर्षं हे चाललेलं. पगार नव्हता, मान होता. आणि मानावर कर लागत नाही, असं तो म्हणे.

या खेपेला अकराच मासे मिळाले. त्यातली तीन नंबरची मादी तेरा किलोची, रुंद पाठीची, पाण्यात वळली की टाकी लहान वाटावी अशी. आनफिननं तिला आपल्या पणजीचं नाव दिलं, ओलेना. सात नंबरची जेमतेम चार किलोची, अंगावर सीलच्या चाव्याचा वण. तिला तो परतच सोडणार होता.

"पणजी झाली, मावशी झाली," त्याची बायको गुनवोर म्हणाली. "माझं नाव काही एकाही माशाला लागलं नाही."

"तुझ्या तोलामोलाचा मिळाला नाही अजून."

"वजन बघून बोलतोयस, की रूप बघून?"

आनफिननं कॉफीचा कप तोंडाला लावला.

नियम असा, की प्रत्येक माशाच्या पराचा तुकडा शहरातल्या प्रयोगशाळेत जायचा. पिंजरे फाटले की पाळलेले मासे निसटतात, नदी चढून येतात, जंगली माशांशी जोड्या जमवतात. पिल्लं दिसायला नदीचीच, पण नदीत तगायला कच्ची. तसं रक्त सापडलं तर तो मासा मारायचा. आनफिनला ही तपासणी म्हणजे आपल्या डोळ्यांवरचा अविश्वास वाटे.

निकाल मोबाइलवर आला तेव्हा ईदार वाफल खायला येऊन बसला होता. चष्मा गुनवोरच्या नाकावर होता, म्हणून वाचलं तिनं.

"एक, जंगली. दोन, जंगली. तीन..." ती थांबली. "मिश्र रक्त. मारावी."

ईदारनं वाफलवरचं तपकिरी चीज सारखं केलं. "म्हणजे ओलेना आमच्याकडची. आता आपली सोयरीक दोन्हीकडून झाली म्हणायची."

"चुकलंय त्यांचं," आनफिन म्हणाला. "तिची शेपूट बघा. पिंजऱ्यातल्या माशांसारखी जराही झिजलेली नाही."

"झिजेल कशी? ती नदीतच जन्मली असेल. आजी किंवा पणजी पिंजऱ्यातली."

"तुमचे पिंजरे फाटतात, आणि वर तोंड करून बोलतोस."

"फाटले खरे," ईदार खालच्या आवाजात म्हणाला. "तुमच्या थोरल्या मुलीच्या चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या वर्षी. मीच होतो त्या रात्रीच्या पाळीला."

गुनवोरनं चष्मा काढला. "त्याच वर्षी तू सोळा माद्या धरल्या होत्यास, आनफिन. एवढ्या भरलेल्या कधी मिळाल्या नव्हत्या, म्हणून आठवडाभर शीळ घालत फिरत होतास. तेव्हा ही तपासणी नव्हती."

"मी एकेक निवडून घेतली होती."

"तेच म्हणतेय मी."

चष्मा लावून तिनं पुढची यादी वाचली; सात नंबर जंगली होती. आनफिन उठला, रबरी बूट चढवले आणि शेडमध्ये गेला.

ओलेना तळाशी, तोंड प्रवाहाकडे करून स्थिर होती. तिच्या पोटात अठरा हजार तरी अंडी. सात नंबरकडे त्याचा तिसरा हिस्सा. नदीला अख्ख्या वर्षाच्या पिल्लांचा फरक पडणार होता, आणि दाराला कडी होती, बघणारं कोणी नव्हतं. बराच वेळ तो ओल्या कठड्याला धरून उभा राहिला. त्या सोळा जणींची पोटंही त्यानं याच कठड्याशी दाबली होती, आणि पिल्लं सोडताना त्याचा ऊर भरून आला होता.

त्यानं दांडकं घेतलं. एकच घाव घातला, नीट.

गुनवोर आली तेव्हा सात नंबरची मादी त्याच्या काखेत होती आणि नारिंगी अंडी भांड्यात पडत होती. भांडं पुरतं निम्मंही भरलं नाही.

"एवढीच?" तिनं विचारलं.

"एवढीच. पण या नदीची आहेत." त्यानं हात पुसला. "आता नर लागेल. तो कोपऱ्यातला मोठा कसा दिस..." आणि तो मध्येच थांबला. "नको. दिसण्याचं राहू दे. यादी वाच."

"नऊ नंबर. जंगली. बारकासा आहे हं, लाल ठिपक्यांचा."

"आण त्याला," आनफिन म्हणाला, आणि मान वर न करता त्यानं भांडं पुढे धरलं.