शकुबाईचा सरळ धारेचा चाकू

शकुबाईला कुठलीच वस्तू एका नजरेत पसंत पडत नसे. साडी घेतली तर रंग जाणार, पातेलं घेतलं तर बूड पातळ. लेकीसाठी जावई पाहिला तेव्हा पोरगा शिकलेला होता, घर चांगलं होतं, तर हिला त्याचं हसणं पटलं नाही. हिंगोलीतल्या गोरेगावकडची ही शकुबाई लग्न होऊन आखाडा बाळापूरजवळच्या खेड्यात आली आणि तेव्हापासून हळदीच्या रानात राबली. तिच्या कामाला गावात कुणी नाव ठेवलं नाही आणि तिच्या तोंडून गावात कुणी सुटलं नाही. त्यातही सगळ्यात जास्त वाट्याला यायचं ते तिच्या नवऱ्याच्या, तातेरावांच्या.

तातेराव तसे वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांना खिशातल्या चाकूचा भारी तोरा. घरात किंवा रानात काही कापायचं निघालं की त्यांना हाक मारायची. मग ते सावकाश उठणार, सदऱ्याच्या खिशातून मिटलेला चाकू काढणार, बाहीला पुसणार, खट्‌कन उघडणार, पात्यावरून अंगठा फिरवणार आणि तेव्हा कुठं ती वीतभर सुतळी कापणार. कापून झालं की पुन्हा पुसून, मिटून, खिशात. तोवर शकुबाई पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी आवळून उभी.

"द्या ना इकडं, मीच कापते," असं तिनं म्हटलं की तातेराव म्हणायचे, "मिटायचा चाकू बाईमाणसाच्या हाती बराबर न्हाई. बोट जातं."

"आनि दिवसभर विळ्यानं हळदीचा पाला कापते, तवा बोट न्हाई जात?"

"त्ये येगळं."

ते वेगळं कसं, हे तातेरावांनी कधी सांगितलं नाही. त्यांनाही ते ठाऊक नसावं.

गेल्या उन्हाळ्यात मोटारीचा दोर कापायला ते विहिरीवर वाकले आणि चाकू हातातून सुटून पाण्यात गेला. शकुबाईला वाटलं, सुटले. पण दिवाळीला त्यांचा मुलगा बालाजी पुण्याहून आला तो वडिलांसाठी मोबाईलवरून मागवलेला नवा चाकू घेऊनच. काळाकुट्ट, जाडजूड, अर्ध्या पात्याला करवतीसारखे दाते, मुठीत बारकी बॅटरी आणि टोकाला शिट्टी. तातेराव हरखून गेले. पानटपरीवर ज्यानं विचारलं त्याला आणि ज्यानं नाही विचारलं त्यालाही त्यांनी तो दाखवला.

"कमांडो लोकाचा हाय," ते घरी म्हणाले.

"मग हळद काढायला कमांडोलाच बोलवा," शकुबाई म्हणाली. "आनि शिट्टी कशापायी? पुन्हा विहिरीत पडला तर तळातून वाजवनार हाय का त्यो?"

बालाजी हसला. तातेराव हसले नाहीत.

त्यांच्या हळदीला ठिबक होतं. दिवाळीनंतर रान कोरडं पडायला लागलं की खारी आणि उंदीर पाण्यासाठी काळ्या नळ्या कुरतडत. कुरतडलेला तुकडा काढून टाकायचा, दोन्ही तोंडं सरळ कापायची आणि मध्ये जॉइनर दाबून बसवायचा, एवढंच काम. पण तोंड सरळ कापलं गेलं नाही तर जोडातून पाणी गळतं. तातेरावांचा दात्यांचा चाकू नळी कापत नव्हता, चावत होता. कापलेल्या तोंडाला झालर सुटायची. दर जोडापाशी चिखल झाला, आणि तातेराव म्हणत राहिले, "नळीच हलकी हाय."

एका सकाळी मधली नळी फाटून पाण्याचं कारंजं उडालं. शकुबाईनं ते तळहातानं दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याला फोन लावला.

"येऊन राहिलो, येऊन राहिलो," तातेराव म्हणाले. मागे टपरीवरच्या लोकांचं हसणं ऐकू येत होतं. भर उन्हात ते कुणाला तरी चाकूची बॅटरी लावून दाखवत होते.

ती थांबली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. शेवटी तिनं विळ्यानंच नळी कापली, वाकडीतिकडी, आणि जॉइनर बसवला. तो गळायला लागला. तेवढ्यात वीजही गेली. मग तातेराव आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "हे असं वाकडं कुणी कापलं?"

शकुबाई लुगडं पिळत बांधाकडं निघाली. तिला एवढंच वाटत होतं की आपलं अर्धं आयुष्य काहीतरी हातात धरून या माणसाची वाट बघण्यात गेलं. पोत्याचं तोंड, दोराचं टोक, आता ही नळी.

बाजाराच्या दिवशी तिनं नळीचा एक तुकडा आणि थोडी सुतळी पिशवीत टाकली आणि ती बाळापूरला निघाली.

रस्त्यावरच्या भांड्या-अवजारांच्या दुकानात भागवत नावाचा दुकानदार होता. चाकू म्हटल्यावर त्यानं भाजीचे चाकू पुढं केले.

"भाजीला घरी विळी हाय," शकुबाई म्हणाली. "मिटायचा दाखव. सरळ धारेचा."

"मावशी, सरळ धारेचं आता कोन घेतं? हा बघा, दात्यांचा. सुतळी एका झटक्यात."

मुठीवर वाघ कोरलेला होता. शकुबाईनं सुतळी ओढून बघितली, ती खरंच झटक्यात तुटली. मग तिनं नळीचा तुकडा कापला आणि फाटकं तोंड त्याच्या नाकासमोर धरलं.

"ह्याच्यात जॉइनर बसवून दाखव. आनि बोथट झाला तर? प्रत्येक दात्यात दगड घालत बसू का?"

"बोथट झाला की नवा घ्यायचा. धार लावायची तकलीफ कोन घेतं आता?"

"म्हनून तर तुझं दुकान चालून राहिलंय."

खिळे घ्यायला आलेल्या एका माणसाला राहवलं नाही. "चाकू मालकासाठी घेताय का, बाई?"

"मालकाकडं हाय. शिट्टीवाला."

"मग तुमाला काहून पायजे?"

"तू खिळे घ्यायला आला ना? मी इचारलं का काहून ते?"

दुकानातली माणसं हसली आणि तो खिळे न घेताच बाहेर पडला. शकुबाईनं वाघाचा चाकू परत केला. "वाघ तेवढा बरा कोरलाय," जाताना ती भागवतला म्हणाली, "पन त्याच्या हातात हा चाकू दिला असता तर त्यानं बी फेकून दिला असता."

बाजाराच्या टोकाला फुलसिंग म्हणून एक म्हातारा ताडपत्री अंथरून बसायचा. विळे, खुरपी, कुलपं आणि एका डब्यात मिटायचे चाकू. शकुबाई मघाशी त्याच्यासमोरूनच गेली होती, पण गंजकं सामान म्हणून तिनं तिकडं बघितलंही नव्हतं. आता ती उकिडवी बसली. फुलसिंगनं डबा पुढं सरकवला आणि तो तंबाखू मळत राहिला. ह्या चाकूची तारीफ नाही, त्या चाकूची तारीफ नाही. तिला ते जरा चमत्कारिकच वाटलं.

पहिल्या चाकूचं पातं उघडल्यावर डावीउजवीकडं हलत होतं. "ह्याला वारं लागलं वाटतं," ती म्हणाली आणि तो बाजूला टाकला. दुसऱ्याचं पातं खटक्यात अडकतच नव्हतं. पाठ डब्याच्या काठावर दाबली तसं ते सरळ मिटलं, तिथं बोटं असती तर गेली असती. तिसरा उघडता उघडता नख मोडायची वेळ आली. एकाची धार तिनं उन्हाकडं धरली तर मध्येच चमकलं. तिथं खाच होती.

"असले इकता कसे तुमी?"

"घेनारे बघत न्हाईत," फुलसिंग म्हणाला.

शेवटी एक लाकडी मुठीचा निघाला. साधा, बोटाएवढं सरळ पातं, ना वाघ ना दाते. उघडला की खटका घट्ट बसत होता आणि दाबला तरी हलत नव्हता. तिनं नळी कापली. तोंड असं गोल, स्वच्छ निघालं की ती दोनदा वळवून बघत राहिली. पण नाव न ठेवता वस्तू घ्यायची तर ती शकुबाई कसली!

"मूठ आखूड हाय."

"तुमचा हात बी लहानच हाय, बाई."

ते खरंच होतं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. त्या रागातच तिनं चाकू घेतला.

घरी तातेरावांनी हात पुढं केला. "आण, बघू लोखंड कसं हाय ते."

"चांगलं हाय," शकुबाई म्हणाली आणि चाकू कनवटीला खोचला.

धाकटा दीर वैजनाथ ओट्यावर बसला होता. "वैनी, मग आता दादानं चाकूला भिऊन घरात येताना खोकून यावं का?"

"ते पहिल्यापासूनच यायला पायजे होतं."

तातेराव दोन दिवस तोंड फुगवून फिरले. शकुबाईला ते दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ओल्या हातानं चाकू उघडताना पातं सरकलं आणि अंगठा चांगलाच चिरला. हळद दाबून, चिंधी गुंडाळून तिनं तो पदराखाली लपवला, पण भाकरी थापायच्या वेळी लपणार कसा? तातेरावांचं तोंड उजळलं.

"म्हनलो होतो का न्हाई मी?"

"व्हय. कापतो म्हनूनच घेतला. न कापनारा घरात हायच की एक."

मग मात्र तिनं ठिबकाची एकेक ओळ हाती घेतली. तातेरावांनी चावलेली सगळी तोंडं नव्यानं कापायची होती. चिंधीचा अंगठा वर धरून ती मातीत बसली. पहिल्या ओळीला तातेराव लांबून बघत होते. दुसऱ्या ओळीला बांधावर येऊन बसले. पुढं त्यांना टपरीवरही जावंसं वाटेना, कारण तिथं वैजनाथनं खोकण्याची गोष्ट आधीच सांगितली होती. शेवटी त्यांनी जॉइनरची पिशवी उचलली आणि ते तिच्या मागं मागं चालू लागले.

पाणी सोडलं. जोडापाशी माती कोरडी राहिली. तातेरावांनी वाकून बोट लावून बघितलं.

"बरा बसला हा," ते म्हणाले.

"बरा म्हने," शकुबाई पुटपुटली आणि तिनं पुढची नळी कापून हात मागं केला. तातेरावांनी पिशवीत हात घालून एक जॉइनर काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उन्हाकडं धरला.

"हा चिरलाय. डोळे उघडून दुसरा द्या."