गाड्यापुढची घोडी

आमची पांढरी घोडी लग्नाची. उल्हासनगरच्या सिंधी लग्नांत अकरा वर्षं तिने नवरदेव वाहिले. आप्पा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हौसेने तिला घेऊन आले आणि आमच्या घरामागे पत्र्याची शेड उभी राहिली. वरातीत ते तिच्या कानाशी लगाम धरून चालत. पाठ गिऱ्हाईकाची, हा त्यांचा नियम. वरात संपल्यावर पाठ रिकामी असायची, तरी ते पायीच घरी यायचे. म्हणायचे, "दमलीय ती."

ते स्वतः मात्र घोड्यावर वाढलेले. आमच्या जुन्नरकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्यापुढे घोडी पळते आणि तिच्या मागे बैल जीव खाऊन धावतात. तरुणपणी त्या घोडीवर आप्पा असत. पुढे नोकरीसाठी इकडे आले, मग शर्यतींवर बंदी आली, आणि आमच्या घरात उरल्या त्या फक्त गोष्टी. मला त्या तोंडपाठ आहेत आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आलाय.

बंदी उठली. इकडे हेंद्रेपाड्यापासून चिखलोलीपर्यंत पसरलेल्या आमच्या जुन्नरकडच्या लोकांनी बदलापूरबाहेरच्या एका चढाच्या माळावर शर्यत भरवली. काका गावाहून बैल घेऊन येणार होते. आप्पांनी जाहीर केलं, "गाड्यापुढे आपली घोडी. वर मी." डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल जे सांगितलं होतं ते आईने पुन्हा ऐकवलं. आप्पा म्हणाले, "एकदाच. नंतर तूच सांग, मी ऐकतो."

मी म्हटलं, आधी एकदा बसून तरी बघा. यावर ते चक्क चिडले. "अकरा वर्षं हाताने चारलीय. आता तिला माझी ओळख करून द्यायची?"

शर्यतीच्या दिवशी काकांचे बैल जुंपले. आप्पा लंगडत आले आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा झटकन वर चढले. क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मी मनातल्या मनात माझी सगळी कटकट मागे घेतली.

घोडी हलेना.

टाच मारली, चुचकारलं, काकांनी आरडाओरडा केला. ती मान वळवून आपल्या डाव्या बाजूला पाहत राहिली. तिथे आप्पा असायचे. पाठीवर बसणारा दरवेळी कुणीतरी परका. चालायचं ते कानाशी उभ्या असलेल्या माणसाबरोबर, एवढंच तिला ठाऊक. आणि ते आप्पांनीच शिकवलेलं. बैल थांबेनात, तेव्हा पंचांनी घोडी बाजूला घ्यायला सांगितली. काकांचा गाडा दुसऱ्याच्या घोडीमागे धावला. आप्पा खोगिरावर बसूनच ते बघत होते. त्यांच्याकडे पाहवेना मला.

शर्यती संपल्या, पट्टा मोकळा झाला. आप्पा म्हणाले, "उतरतो."

"बसा," मी म्हणाले. त्यांना हुकूम सोडायची माझी ही पहिलीच वेळ. मी लगाम धरला, घोडीच्या डाव्या कानाशी उभी राहिले आणि चालू लागले. तीही निघाली, वरातीच्या संथ चालीने. ज्या पट्ट्यावर आप्पांना वारा कापत जायचं होतं, त्यावर आम्ही गोगलगायीसारखे चाललो. लाउडस्पीकरवाला ओरडला, "ही वरात कुणाची हो?" माळ हसला. माझं डोकं सणकलं, पण लगाम सोडला नाही.

पट्ट्याच्या टोकाला आई उभी होती. ती हसत नव्हती. जवळ आल्यावर म्हणाली, "माझ्या लग्नाला एसटीनं आला होतात. एवढी वर्षं लावली होय घोडीवर बसायला!"

आप्पांना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. माझेही. मी खांदा दिला, ते जपून खाली उतरले आणि सवयीने घोडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

घोडीने लगेच नाक त्यांच्या छातीला लावलं आणि मोठा श्वास सोडला.

तिच्या कपाळावर हात ठेवून आप्पा म्हणाले, "इथंच होतो गं. वरती होतो."